एका रेघेची जबाबदारी

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे चित्रमय तक्त्यांचा वापर पुष्कळच वाढला आहे. प्रथम कम्युनिअनच्या वर्गात सात संस्कारांचा रंगीत तक्ता असतो. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरात कुटुंबाच्या जमाखर्चाचे वर्तुळ पडद्यावर उमटते. धर्मग्राम परिषदेच्या वार्षिक अहवालात पूर्वी दोन पाने मजकूर असे, तेथे आता उभे-आडवे स्तंभ दिसतात. हातातल्या फोनवर तर दिवसभरात असे दहा तक्ते येऊन पडतात आणि आपण ते पुढे धाडतो. आकडे, बाण, नकाशे आणि छोट्या आकृत्या यांच्या साहाय्याने एखादा विषय एका दृष्टिक्षेपात समजावून देणाऱ्या या प्रकाराला माहितीचित्र असे नाव आता रूढ होऊ लागले आहे.

या साधनाच्या उपयुक्ततेविषयी आमच्या मनात शंका नाही. कानाने ऐकलेले सायंकाळपर्यंत विरते आणि डोळ्यांनी पाहिलेले टिकते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाचा, प्रत्येक आईचा आणि प्रवचन करणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूचा आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा. शब्दाने खोटे बोलणे हे पाप आहे, हे आपण आठव्या आज्ञेपासून शिकलो. परंतु रेघेने खोटे बोलता येते काय? आकडा खरा असून चित्र खोटे असू शकते काय? आणि एखादी गोष्ट लहानांना समजावी म्हणून आपण ती सोपी करतो, तेव्हा सोपे करणे कोठे संपते आणि खोटे करणे कोठे सुरू होते?

परंपरा जुनी आहे

चित्राने शिकवण्याची पद्धत ख्रिस्तसभेला नवीन नाही. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी आपल्या ख्रिस्तमंदिरांतील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना पत्रे लिहून समज दिली. चित्रांची आराधना करू नये, हे बिशपांचे म्हणणे त्यांनी मान्य केले. मात्र ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत तो भिंतीवरील चित्रे पाहून शिकतो, म्हणून ती फोडणे योग्य नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे बाराव्या शतकात पॅरिसचे पीटर ऑफ प्वातिए यांनी आदामापासून ख्रिस्तापर्यंतची वंशावळ वर्तुळांनी आणि रेघांनी जोडून दाखवली. शास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुन्या कराराचा विस्तीर्ण इतिहास एका नजरेत यावा, हा त्यामागचा हेतू होता. पवित्र त्रैक्याचे रहस्य सांगणारी त्रिकोणी ढाल तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन टोके आणि मध्ये परमेश्वर. मध्याकडे जाणारी प्रत्येक रेघ 'आहे' म्हणते आणि टोकांना जोडणारी प्रत्येक रेघ 'नाही' म्हणते. रहस्य उलगडल्याचा आव न आणता त्याच्या सीमा आखून देणारी ही आकृती आम्हांला माहितीचित्राचा एक उत्तम नमुना वाटते.

आपल्या भूमीतही ही रीत होती. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारताची कथा गात. सोंगट्यांच्या ज्या पटाला आज मुले सापशिडी म्हणतात, तो मूळचा मोक्षपट. परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेला तो पट म्हणजे खेळता खेळता शिकवलेले नीतिशास्त्रच होते. आजच्या छापील पटावरून ती नावे गळून गेली. साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या. तक्ता त्याच्या अर्थापासून वेगळा झाला की त्याचे काय होते, हे एवढ्यावरून ध्यानात येते.

एका काठीची कथा

तथापि या प्रश्नाची खरी धार कळते ती एका मिशनकार्याच्या इतिहासात. १८३८ साली कॅनडातील क्वेबेकहून फ्रान्स्वा नॉर्बेर ब्लांशे आणि मोदेस्त देमेर हे दोन धर्मगुरू अफाट प्रवास करून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील ऑरेगन प्रदेशात पोहोचले. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा अनेक होत्या. त्यांना परस्परांशी जोडणारी चिनूक नावाची व्यापारी बोली होती. पण शेकड्यांनी मोजता येतील एवढ्याच शब्दांच्या त्या बोलीत मासे, कातडी आणि घोंगड्या यांचा सौदा करता येई, तारणाचा इतिहास सांगणे कठीण होते.

१८३९ साली काउलित्झ येथे दूरवरून काही मंडळी आपल्या प्रमुखासह ब्लांशे यांना भेटावयास आली. या पाहुण्यांना थोड्या दिवसांत काय आणि कसे शिकवावे, असा प्रश्न पडला असता त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी एक चौकोनी काठी घेतली आणि तिच्यावर खुणा केल्या. ख्रिस्तापूर्वीच्या चाळीस शतकांसाठी चाळीस रेघा, प्रभू येशूच्या आयुष्याच्या वर्षांसाठी तेहेतीस ठिपके आणि त्याच्या मरणाची आठवण म्हणून तीन क्रूस, त्यानंतरच्या शतकांसाठी अठरा रेघा आणि चालू शतकातील वर्षांसाठी एकोणचाळीस ठिपके. हातात धरावी, बोट फिरवावे आणि सांगत जावे, अशी ही काठी होती. लोकांनी तिला 'स्वर्गाची काठी' या अर्थाचे नाव दिले. पाहुणे परतले ते काठी घेऊन, आणि आपल्या माणसांना तीवरून शिकवू लागले.

लवकरच ही काठी कागदावर उतरली. खालून वर चढत जाणारा लांबट तक्ता तयार झाला आणि 'कॅथलिक शिडी' या नावाने तो मिशनांमिशनांतून गेला. जहाज, मनोरा, क्रूस, ख्रिस्तमंदिर अशी चित्रे तिच्या कडेला आली. येथपर्यंत कौतुकच कौतुक आहे. परंतु कागदावर काठीपेक्षा जागा जास्त असते, आणि जागा मिळाली की माणसाला आपल्या मनातले इतर काही लिहिण्याचा मोह होतो. सोळाव्या शतकाच्या पायरीपाशी मुख्य मार्गापासून तुटून बाजूला जाणारा एक फाटा काढण्यात आला. तो प्रॉटेस्टंट पंथीयांचा होता. फाटा कोठेही पोहोचत नव्हता.

त्याच प्रदेशात प्रॉटेस्टंट मिशनरी हेन्री स्पॉल्डिंग आणि त्यांच्या पत्नी एलायझा हे नेझ पर्स लोकांमध्ये काम करीत होते. त्यांना हा तक्ता पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. १८४५ च्या सुमारास त्यांनी उत्तरादाखल आपली शिडी रंगवली. तीत दोन वाटा होत्या, एक अरुंद आणि एक रुंद. अरुंद वाट तारणाची. रुंद वाटेच्या टोकाशी आगीच्या ज्वाळा होत्या आणि त्यांत पोप कोसळत होते.

दोन तक्ते, दोन्ही सुवार्तेच्या नावाने काढलेले, आणि ते पाहणारी माणसे एकच. ज्यांनी या दोन पंथांपैकी एकाचेही नाव काही वर्षांपूर्वी ऐकले नव्हते, त्यांना ख्रिस्ताच्या प्रेमाबरोबर ख्रिस्ती लोकांचे भांडणही चित्ररूपाने शिकावे लागले.

पुढची हकिगत अधिक विचार करावयास लावणारी आहे. १८४७ साली गोवराच्या साथीने तेथील केयूस लोकांत अनेक बळी गेले. साथ गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर आली होती, आणि डॉक्टर असलेले मिशनरी मार्कस व्हिटमन आपल्याला विष घालीत आहेत असा संशय पसरला. २९ नोव्हेंबर १८४७ रोजी झालेल्या हल्ल्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत व्हिटमन पतिपत्नींसह तेरा जण मारले गेले. ही वार्ता न लागलेले स्पॉल्डिंग त्याच दिशेने घोड्यावरून येत होते. वाटेत त्यांना एक कॅथलिक धर्मगुरू भेटले, ब्रुइए हे त्यांचे नाव. मृतांच्या दफनविधीला हातभार लावून ते परतत होते. त्यांनी स्पॉल्डिंगना घडलेले सांगून सावध केले, आपल्याजवळचे खाण्याचे पदार्थ दिले आणि मार्ग बदलण्यास लावले. स्पॉल्डिंग वाचले.

ज्या हातांनी पोपना आगीत पडताना रंगवले, त्या हातांत एका कॅथलिक धर्मगुरूची शिदोरी आली. येथे समेट होऊन कथा संपावी असे वाटते. पण तसे झाले नाही. पुढील अनेक वर्षे स्पॉल्डिंग या हत्याकांडाचा ठपका कॅथलिक मिशनऱ्यांवर ठेवीत राहिले. त्यांच्या मनातील कडवटपणाचे सारे कारण तक्ता होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही समोर उभ्या असलेल्या माणसापेक्षा आपण काढलेले त्याचे चित्रच अधिक खरे वाटू लागते, ही मनाची दुर्बलता या प्रसंगात स्पष्ट दिसते. आणि निःपक्षपातीपणे पाहिले तर तुटक फाट्याची पहिली रेघ आपल्या बाजूने ओढली गेली होती, हेही आपण विसरू नये.

चित्राला 'कदाचित' म्हणता येत नाही

या कथेतून आमच्या मते एक मूलभूत गोष्ट हाती लागते. शब्दाच्या हाताशी 'कदाचित', 'बहुधा', 'असे म्हणतात', 'आमच्या मते' अशी अनेक साधने असतात. वक्त्याला आपला विश्वास किती आणि संशय किती हे तोलून सांगता येते. रेघेजवळ ही साधने नाहीत. ती ओढली की ठाम होते. ब्लांशे यांच्या काठीवर ख्रिस्तापूर्वीच्या काळासाठी नेमक्या चाळीस रेघा होत्या. त्या काळी पुष्कळांची समजूत तशी होती. आज सृष्टीचे वय आपण निराळ्या रीतीने जाणतो, आणि पवित्र शास्त्रातील लेखनप्रकार ओळखून त्याचा अर्थ लावावा असे पोप बारावे पायस यांनी १९४३ साली आपल्या विश्वपत्रात शिकवले आहे. बोलणाऱ्याने 'सुमारे' हा शब्द उच्चारला असता; काठीला तो उच्चारता आला नाही.

मग ती काठी खोटी होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. सोपे आणि खोटे यांतील फरक ओळखण्याची एक कसोटी आम्ही येथे सुचवतो. ज्या शिकवणीवर पुढे मोठेपणी आणखी मजले चढवता येतात, ती सोपी. जी पुढे मोठेपणी पाडून टाकावी लागते, ती खोटी. परमेश्वराने सृष्टी निर्माण केली, त्याने माणसाची वाट पाहिली, तो ख्रिस्तामध्ये आला, आणि त्याचे कार्य आपल्या काळापर्यंत चालत आले आहे, हा काठीचा क्रम आजही उभा आहे. चाळीस हा आकडा बदलला तरी इमारत ढासळत नाही. तुटक फाट्याचे तसे नाही. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आपल्या आदेशात इतर पंथांच्या बाप्तिस्माप्राप्त जनांना प्रभूमधील बंधू म्हणून स्वीकारले, आणि १९९९ साली नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर, म्हणजे ज्या मुद्द्यावर सोळाव्या शतकात फाटाफूट झाली त्याच मुद्द्यावर, कॅथलिक व लुथरन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्या फाट्यावर वर चढवण्याजोगे काही नव्हते. तो पुसावाच लागला.

काही फाटे पुसायला त्याहून अधिक काळ लागतो. कॅनडात फादर आल्बेर लाकोम्ब यांनी १८७० नंतरच्या काळात या शिडीची नवी आवृत्ती काढली. तीत सन्मार्ग आणि कुमार्ग अशा दोन ठळक वाटा होत्या, आणि परके धर्म व पाखंडी मानलेली मते कुमार्गावर होती. हा तक्ता छापून देशोदेशी गेला. स्वतः लाकोम्ब मूळ रहिवाशांवर माया करणारे होते, असे त्यांचे चरित्र सांगते. परंतु आपल्या आजा-आजींना चित्रात विनाशाच्या वाटेवर चालताना पाहणाऱ्या मुलाच्या अंतःकरणात काय होत असेल? त्याच देशात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत ठेवण्यात आले, आणि त्यातील दुःखाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये मास्क्वासिस येथे जाऊन क्षमा मागितली. त्या अन्यायाची कारणे तक्त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. मात्र माणसाला प्रथम चित्रात हीन ठरवले की प्रत्यक्षात हीन वागवणे सोपे जाते, हे नाकारता येणार नाही.

डोळ्याचा प्रामाणिकपणा

धर्माची चित्रे बाजूला ठेवून आकड्यांच्या चित्रांकडे वळलो तरी प्रश्न तोच राहतो. आकड्यांची स्तंभाकृती आणि आलेख यांना स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली आपल्या पुस्तकातून प्रतिष्ठा दिली. त्यानंतर या साधनाने मानवजातीची मोठी सेवा केली आहे. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये सैनिकांच्या मृत्यूंचे चित्र काढले. पाकळ्यांसारख्या त्या आकृतीत शत्रूच्या हातून मेलेले सैनिक थोडे आणि अस्वच्छतेमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले कितीतरी पटींनी अधिक, हे सत्य मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. यात आम्हांला मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. त्यांच्या आधीच्या एका आकृतीत मृत्यूंचा आकडा मध्यबिंदूपासूनच्या अंतराने दाखवला होता. पाहणाऱ्याचा डोळा मात्र अंतर मोजत नाही, तो रंगलेली जागा पाहतो. त्यामुळे मोठा आकडा होता त्याहून भयंकर दिसे. बाईंनी ही चूक सुधारून पाकळीच्या क्षेत्रफळावर हिशेब बसवला. चूक त्यांच्या बाजूला लाभदायक होती, तरीही त्यांनी ती सुधारली. यालाच आम्ही डोळ्याचा प्रामाणिकपणा म्हणतो.

व्हिएन्ना येथे १९२५ साली सामान्य कामगारांना समाजाची स्थिती समजावी म्हणून संग्रहालय उभारणारे ओटो नॉयराथ यांचा नियम याच जातीचा होता. दुप्पट माणसे दाखवायची तर एक माणूस दुप्पट मोठा काढू नका, तेवढ्याच आकाराची दोन माणसे काढा. कारण आकृती दुप्पट उंच केली की तिची रुंदीही वाढते आणि ती चौपट दिसते. नियम साधा आहे; पण तो पाळण्यासाठी पाहणाऱ्याविषयी आदर लागतो.

लंडनच्या कॉलऱ्याचा नकाशाही या संदर्भात आठवतो. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी घरापुढे एक काळी रेघ काढली, आणि त्या रेघा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. नकाशाची ही कीर्ती सर्वत्र आहे. त्यामानाने तेथील तरुण अँग्लिकन धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचे नाव कमी घेतले जाते. स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून ते आपल्या धर्मग्रामातील घरोघरी पुन्हापुन्हा गेले, उरलेल्या माणसांजवळ बसले, कोणी कोणते पाणी प्याले ते विचारत राहिले. शोधाअंती स्नो यांचेच खरे आहे अशी त्यांची खात्री पटली. इतकेच नव्हे, तर पंपाशेजारच्या घरातील पाच महिन्यांच्या एका आजारी बालकाची नोंद त्यांनीच हुडकली. त्या घराच्या मैल्याच्या खड्ड्यातून विहिरीचे पाणी दूषित झाले होते. नकाशाने बोट दाखवले आणि घरभेटीने ते सिद्ध केले. धर्मग्रामाच्या सेवेत आयुष्य घालवणाऱ्या आम्हा लोकांना या उदाहरणाने मोठा धीर येतो. तक्ता कितीही उत्तम असो, उंबरठा ओलांडण्याचे काम तो करू शकत नाही.

आपण स्वतः चित्रात असतो तेव्हा

हा सर्व विचार आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. एक उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेत भारतातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ कोटी ४१ लाख होती आणि २०११ च्या जनगणनेत ती सुमारे २ कोटी ७८ लाख झाली. हे दोन आकडे घेऊन, तळाचे दोन कोटी कापून टाकून, दोन स्तंभ उभे करा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट उंच दिसेल आणि पाहणाऱ्याच्या मनात सहज भय निर्माण होईल. आता त्याच दोन जनगणनांतील प्रमाण पाहा. एकूण लोकसंख्येत ख्रिस्ती लोक २००१ मध्ये २.३४ टक्के होते, २०११ मध्ये २.३० टक्के. म्हणजे वाटा कणभर कमीच झाला. दोन्ही तक्त्यांतील प्रत्येक आकडा खरा आहे. पहिला तक्ता शेजाऱ्याच्या मनात आपल्याविषयी संशय पेरतो, दुसरा तो दूर करतो. आठव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस असे म्हटले आहे. खोटी साक्ष खऱ्या आकड्यांनीही देता येते, हे येथे उघड होते.

असा तक्ता कोणी काढला तर आपल्याला दुःख होईल, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या एखाद्या समाजाविषयी याच धर्तीवर काढलेला तक्ता आपल्या फोनवर येतो, तेव्हा आपण काय करतो? आकड्यांचा तळ कोठे आहे हे पाहतो काय? की आपल्या मनातील आधीच्या ग्रहाला पुष्टी मिळाली म्हणून तो पुढे धाडतो? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची आज्ञा आपल्याला पाठ आहे. तिचा अर्थ चित्रांच्या बाबतीत असा होतो की, आपले चित्र लोकांनी जसे काढावे असे आपल्याला वाटते, तसेच त्यांचे चित्र आपण काढावे. ज्याचे चित्र काढले तो माणूस तक्त्याशेजारी येऊन उभा राहिला तर 'होय, हा मीच' असे त्याला म्हणता येईल काय, एवढा एकच प्रश्न ब्लांशे आणि स्पॉल्डिंग यांनी स्वतःला विचारला असता, तर ऑरेगनच्या त्या दोन शिड्या निराळ्या दिसल्या असत्या.

यावर काही वाचक म्हणतील की मग तक्ते नकोतच, शब्दच बरे. आम्हांला हे पटत नाही. शब्दांनीही कमी वैर माजवलेले नाही. शिवाय अक्षरओळख कमी असलेली आजी, वाचनात मागे पडणारे मूल, ऐकू न येणारा भाऊ यांना चित्राने जो आधार मिळतो, तो केवळ आपल्या सूक्ष्म शंकांसाठी काढून घेणे प्रेमाला धरून होणार नाही. पोप ग्रेगरी यांनी सेरेनस यांना हेच सांगितले होते. चित्र फोडणे हा उपाय नव्हे. चित्राजवळ माणूस उभा असणे हा उपाय आहे. ब्लांशे यांची काठी सांगणाऱ्याच्या हातात होती, चित्रकथीचे चित्र गाणाऱ्याच्या हातात होते. त्याला थांबवून प्रश्न विचारता येत होता. आज तक्ता एकटाच प्रवास करतो, त्याच्या सोबतीला कोणी नसतो, आणि ही उणीव घराघरांतील वडीलधाऱ्यांनी भरून काढली पाहिजे. मुलाने तक्ता दाखवला तर क्षणभर त्याच्याजवळ बसावे. हे कोणी मोजले, कोणाला मोजायचे राहिले, तळ शून्यापासून आहे काय, असे दोन-तीन प्रश्न त्याच्याबरोबर विचारावेत. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी तक्ता लावताना 'या चित्रात काय दिसत नाही?' हा प्रश्न मुलांना अवश्य घालावा. प्रभू येशूने दाखले सांगितले ते ऐकणाऱ्याने विचारात पडावे म्हणून. आपला तक्ताही मुलाच्या प्रश्नाला तेवढी जागा देणारा असावा.

प्रभूच्या दाखल्यांपैकी एक दाखला तर जणू या विषयासाठीच सांगितला आहे. मेंढपाळाची शंभर मेंढरे होती, त्यांतील एक हरवले. याचा तक्ता काढला तर नव्याण्णव टक्के मेंढरे सुखरूप आहेत असे तो दाखवील, आणि वार्षिक अहवालात ते यश म्हणून नोंदले जाईल. तक्ता खोटा ठरणार नाही. मेंढपाळालाही मोजता येत होते. मोजल्यावाचून एक कमी आहे हे त्याला कळले नसते. मोजून झाल्यावर मात्र तो हिशेबापाशी बसला नाही. तो उठला आणि डोंगरात शोधायला गेला. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीचे आलेख आपण रोज पाहत होतो. त्या चढत्या रेघेतील एकेक ठिपका म्हणजे कोणाचे तरी वडील, कोणाची तरी लेक होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरातील माणूस त्या रेघेत होते, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमची आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना, शिक्षकांना आणि धर्मबंधूंना एवढीच विनंती आहे. तक्ते जरूर काढा, रंगीत काढा, सोपे काढा. रेघ ओढण्यापूर्वी ती कोणावरून जाते ते पाहा. आणि मोजणी पूर्ण झाली, तक्ता भिंतीवर लागला, की शंभरातील जो एक त्यात दिसत नाही त्याच्या घराकडे चालू लागा.